ताजा होत जाणारा डाग

१

त्या आठवड्यात माझी झोप उडाली ती एका पिवळ्या डागामुळे. पोरीच्या अंगावरच्या नव्हे, तो नंतरचा. हा होता सोलून लटकवलेल्या एका गोऱ्ह्याच्या पुठ्ठ्यावरचा, आणि माझी काळजी एवढीच होती की मी त्याचं वय चुकीचं तर लिहिलं नाही ना.

माझं कामच ते. गावाबाहेर हमरस्त्याला जो कत्तलखाना आहे, तिथे कातडं उतरवून उभी चिरलेली जनावरं वरच्या रुळाला लटकत माझ्यासमोरून सरकतात आणि मी त्यांच्या मुक्या माराच्या खुणा टिपते. कुठे, केवढी, कसल्या आकाराची आणि किती जुनी. जिवंतपणी केसांखाली काही दिसत नाही. कातडं उतरलं की शेवटच्या आठवड्यात जनावरानं काय सोसलं ते सगळं उघडं पडतं. लालभडक डाग म्हणजे दहा तासांच्या आतला, आमच्या दारातला नाहीतर ट्रकमधला. काळपट जांभळा म्हणजे कालपरवाचा. मग शेवाळी, आणि शेवटी पिवळा, म्हणजे चार-पाच दिवस उलटलेला. तो मालकाच्या कुरणावरचा. रंग एकाच दिशेनं जातो. निदान जायचा.

तो गोऱ्हा माझ्या नवऱ्याच्या, वाल्देमारच्या, ट्रकमधून आला होता. अशा वेळी आमच्यात एक रीत आहे: ज्याचं माणूस ट्रकवर, त्यानं रंग बोलायचा नाही. मी नुसतं लिहायचं, रंग एवारिस्तोनं पुकारायचा. एवारिस्तो आमचा डाग छाटणारा सुरीवाला, साठीचा, चाळीस वर्षं याच रुळाखाली काढलेला.

"पिवळा," तो म्हणाला. "दोन सरळ पट्टे, शेजारी शेजारी. काठी. आठवडा झाला असेल. लिही की, डॉक्टरीणबाई. का आता माझ्या डोळ्यांचीही तपासणी करायचीय?"

पशुवैद्यकीचं शिक्षण मी तिसऱ्या वर्षाला सोडलं, रेनाता पोटात होती म्हणून. तेव्हापासून मी त्याची डॉक्टरीणबाई.

मी लिहिलं. दुपारी मालकाचा फोन आला: काठी माझ्या माणसांनी चालवली नाही, तुमच्या ड्रायव्हरनं चालवली. असा वाद झाला की डाग छाटायचा नसतो. ते अर्धं धूड थंडघरातल्या शेवटच्या रुळावर तसंच टांगून ठेवायचं, सरकारी डॉक्टर शुक्रवारी येऊन बघेपर्यंत. सोमवारची सगळी रात्र मी छताकडे बघत काढली. पिवळाच होता ना तो? की मला पिवळा हवा होता?

२

मंगळवारी अंगावर पांढरा कोट चढवला आणि आधी थंडघरात शिरले. तिथे आवाज दोनच. पंख्यांची घरघर, आणि थंडीनं आकसलेल्या आकड्यांची मधूनच होणारी टिकटिक. जनावरं ओळीनं लटकलेली, सगळी एकाच बाजूला तोंड केल्यासारखी, तोंडं नसताना.

शेवटच्या रुळावरचा डाग शेवाळी होता.

मी बराच वेळ बघितलं. मेलेल्या मांसाला डाग पुढे न्यायची सवड नसते. मागे कुठून नेणार? मग मी जे शिकलेली माणसं करतात ते केलं: कारण शोधलं. वरची ट्यूब निळसर होती. निळ्या उजेडात पिवळं हिरवं दिसतं. झालं.

तरी एवारिस्तोला बोलावून आणलंच. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

"काल तू पिवळा म्हणालास."

"म्हणालो. आणि तू लिहिलास."

"आज?"

"ट्यूब बदलली असेल."

"बदलली का?"

"मला काय विचारतेस बाई, मी सुरीवाला. मी काय वायरमन आहे?"

जाताना त्यानं सुरी कोटाला दोनदा पुसली. ती स्वच्छच होती.

३

बुधवारी डाग जांभळा झाला होता. या वेळी एवारिस्तो आत यायला तयार झाला नाही. "मला सर्दी आहे," म्हणाला. चाळीस वर्षांत त्याला सर्दी झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी घरी लाकडांची चूल पेटवली, तिच्यासमोर पत्र्याचं घंगाळ ठेवलं आणि रेनाताला आंघोळीला बसवलं. ऑगस्टचे दिवस, म्हणजे आमच्याकडचा ऐन हिवाळा, बाहेर दात वाजवणारी थंडी. वाल्देमार उत्तरेकडे जनावरं आणायला गेलेला, तो शुक्रवारी परतणार. रेनाता चार वर्षांची आहे आणि आंघोळीत तिचा दरबार भरतो. तिनं फेसाची दाढी लावली, भुवया चढवल्या आणि माते, आमचा पानांचा कडू चहा, मागवला.

"मी आजोबा आहे. ए मुली, माते आण. साखर घालू नकोस, मला दात नाहीत."

"दात नसतील तर साखर का नको, आजोबा?"

"डॉक्टरांनी मना केलीय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि मी हसत हसत तिचा डावा दंड साबणानं चोळायला उचलला.

बाहेरच्या बाजूला चार पुसट ठिपके. आतल्या बाजूला एक. मक्याच्या पिठासारखे पिवळे.

तिच्या अंगाचा तसू न् तसू मला पाठ आहे. पहिलटकरणींची ही खोड असते असं सगळे सांगतात, पण माझी जरा जास्तच आहे, आणि वर मला त्याचं प्रशिक्षण. चार-पाच दिवसांचा डाग म्हणजे शनिवारी झालेला. रविवारी, सोमवारी, मंगळवारी मी याच घंगाळात हाच दंड चोळला होता, आणि तिथे काही नव्हतं.

"हे कधी लागलं गं?"

तिनं खांदे उडवले.

"दुखतंय?"

दाढीआडून तिनं नीट विचार केला. "अजून नाही."

चार वर्षांच्या पोरांचं काळाचं गणित कच्चं असतं. रेनाता "उद्या आपण समुद्रावर गेलो होतो" असंही म्हणते. हे मी स्वतःला समजावून सांगितलं. दोनदा.

४

गुरुवारी सकाळी बालवाडीच्या दारात ओफेलियाबाईंना गाठलं. शक्य तितक्या सहज सुरात विचारलं, कोणी रेनाताला दंडाला वगैरे धरून ओढलं होतं का?

"हिला?" ओफेलियाबाई म्हणाल्या. "यानिना, इथे हीच बाकीच्यांना ओढते. काल एकाला चावली. मी तुला सांगणार नव्हते, पण तू विषय काढलास."

मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम वाटण्यात माझा हातखंडा आहे.

थंडघरातला डाग त्या दिवशी काळसर लाल झाला होता. संध्याकाळी रेनाताच्या दंडावरचे ठिपके शेवाळी दिसले. मी दिवा बदलून पाहिला. खिडकीशी नेऊन पाहिलं. तिला वाटलं हा नवा खेळ आहे. ती स्वतःच दंड फिरवून दाखवू लागली, मासळीवाली मासा दाखवते तशी.

जे डोक्यात येत होतं ते मी वहीत लिहिलं नाही. आपण लिहीपर्यंत गोष्ट खरी नसते, असा माझा समज आहे. त्या समजावर मी पगार घेते.

५

शुक्रवारी सकाळी आठला डाग लालभडक होता. इतका ताजा की हात लावला तर गरम लागेल असं वाटावं.

"एवारिस्तो, हा आत्ताचा आहे."

"मेलेल्याला आत्ता कोण मारणार?" तो म्हणाला, पण हळू, कोणी ऐकू नये अशा बेतानं.

सरकारी डॉक्टर बाहेर पांढरे बूट चढवत होते. त्यांना नीट बघता यावं म्हणून धूड खाली घ्यायचं होतं. एवारिस्तोनं हातगाडी आणली आणि रुळाखाली लावली. तिच्या मुठीच्या जागी दोन लोखंडी नळ्या होत्या, सरळ, शेजारी शेजारी. मी त्या पाहिल्या. हजारदा पाहिलेल्या होत्या.

आकडा निसटला. खिटी लागलेली होती, ती नंतर आम्ही दोघांनी पाहिली, लागलेलीच होती. शंभर किलोवर वजन पुठ्ठ्याच्या बाजूनं त्या दोन नळ्यांवर आलं. आवाज फार मोठा झाला नाही. उशी आपटावी तसा.

चौघांनी मिळून ते पुन्हा वर चढवलं. डॉक्टर आले, वाकले, उजेड पाडला.

"कुठेय डाग?"

आम्ही दोघं बघत राहिलो. गुलाबी मांस, वर पांढरी चरबी. जिथे नळ्या बसल्या, बरोबर तिथे, काही म्हणता काही नव्हतं.

"कसला वाद घालता तुम्ही लोक," डॉक्टर म्हणाले आणि सही करून गेले. वाल्देमारवरचा आळ असा मिटला.

एवारिस्तो हात धुऊन बाहेर बाकावर बसला. थर्मास काखेत, मातेचं भोपळ्याचं भांडं हातात, पण नळीनं ओढत नव्हता.

"आधी डाग," मी म्हटलं. "मग मार."

"मी काही बघितलं नाही," तो म्हणाला. मग भोपळं माझ्यापुढे धरलं. "घे. घरी जा, पोरीपाशी."

मी त्याला पोरीचं काहीच सांगितलं नव्हतं.

घरी गेले. ठिपके जांभळे होते. गोऱ्ह्याच्या मागे बरोबर दोन दिवस. हिशेबाला बोटंसुद्धा लागली नाहीत. रविवार.

६

वाल्देमार त्याच संध्याकाळी आला, डिझेलचा, शेणाचा आणि थंडीचा वास घेऊन. रेनाता त्याच्या पायाला लटकली ती जेवणापर्यंत सुटली नाही. ती झोपल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो माझं ऐकून घेतो, हा त्याचा मोठा गुण. ऐकल्यावर बोलतो, हा दुसरा.

"पडली असेल गं."

"पडून बोटं उमटतात?"

"यानि, तू दिवसभर मेलेल्यांचे डाग मोजतेस. घरी तरी जिवंतांचे मोजू नकोस." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "बरं. रविवारी मी कुठे जात नाही. घरातच बसू. आभाळ कोसळलं तरी बाहेर पडायचं नाही. आता झोप."

शनिवारी जेवणानंतर रेनाता वामकुक्षीला आमच्या पलंगावर आडवी झाली, तोंड उघडं, केस घामानं कपाळाला चिकटलेले. डावा हात पांघरुणाबाहेर. डाग काळसर लाल. मी शेजारी बसले आणि मला जे काम येतं ते करायला घेतलं: आकारावरून हत्यार ओळखायचं.

हात. मोठ्या माणसाचा. उजवा. मागून धरलेला. बोटं बारीक, म्हणजे बाईमाणूस. पहिलं बोट बाकीच्यांपेक्षा आखूड, टोकाला तुटल्यासारखं.

कामाच्या पहिल्याच वर्षी माझ्या उजव्या तर्जनीचं पेर सुरीखाली गेलं होतं.

मी हात तिच्या दंडावर नेला, टेकवला नाही, वर तरंगत ठेवला. पाची ठिपके बोटांखाली झाकले गेले. एक कडही बाहेर उरली नाही.

मी आजवर तिला एकदाच जोरानं धरलंय. उन्हाळ्यात, दुकानात, तिनं मधाच्या बाटल्यांची अख्खी रांग पाडली तेव्हा. तिनं माझ्याकडे पाहिलं, रडली नाही, नुसतं पाहिलं. तो चेहरा मी अजून कुठे ठेवावा हे मला कळलेलं नाही. आता वाटलं, तो नुसता नमुना होता. माझ्यात याहून मोठं काहीतरी आहे आणि ते उद्या बाहेर येणार आहे.

पलंगावरून उठले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले.

७

रविवारी उजाडलं तेव्हा डाग लाल होता.

मी तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. वाल्देमारनं तिचे कपडे बदलले, वेणी घातली. वेणी अशी की बघणाऱ्याला वाटावं घोड्याची शेपटी बांधलीय. मी त्याचे चामड्याचे हातमोजे घालून भांडी घासली.

"भांडी चावतात का?" वाल्देमारनं विचारलं.

"चावतात."

"आणि पोरगी?"

जेवताना मी उजव्या हातावर बसले. अक्षरशः, मांडीखाली घालून. डाव्या हातानं रस्सा खाताना अर्धा टेबलावर सांडला आणि रेनाताला फार आनंद झाला. "आई माझ्याहून लहान झाली!"

मग ती खुर्चीवरून उतरली, माझ्याजवळ आली आणि मांडीवर चढायला दोन्ही हात वर केले. रोज चढते तशी. मी हलले नाही.

"आई, घे ना."

"बाबांकडे जा, राणी."

"बाबा टोचतात." ती थांबली. "तू रागावलीस?"

"नाही गं."

"मग हात कुठे गेला तुझा?"

वाल्देमारनं तिला उचललं, हवेत फेकलं, झेललं. माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. मी परवा रात्री जे सांगितलं त्यातलं किती त्याला पटलं होतं कोण जाणे. पण मी मोडत चाललेय हे त्याला दिसत होतं.

८

दुपारी ऊन पडलं. घरात कोंडून बसणं तिघांनाही जड झालं, तेव्हा वाल्देमार म्हणाला, अंगणात तर बसू, अंगण काही बाहेर नव्हे. त्यानं ट्रक धुवायला काढला. मी मागच्या चाकाशी खुर्ची टाकून बसले, डाव्या हातात माते, उजवा मांडीखाली. रेनाता चार पावलांवर, नजरेत.

जनावरांच्या ट्रकचा मागचा दरवाजा वर उचलायचा असतो, खाचांमधून सरकत. दोन माणसांचं वजन असतं त्याला. वाल्देमारनं तो वर केला, कच्च्या चामड्याच्या वादीनं बांधला, पाण्याचा फवारा मारला आणि नळ बंद करायला पुढे गेला. पाणी पडलं की कच्चं चामडं सैल सुटतं. इथलं शेंबडं पोरही सांगेल. सगळे ड्रायव्हर तरी वादीनंच बांधतात, कारण वादी हाताशी असते.

शेजाऱ्यांचं आई मेलेलं कोकरू रेनाता बाटलीनं पाजते, म्हणून ते तिच्या मागे असतं. त्या दिवशी ते पुढे निघालं. ट्रकला टेकवलेल्या फळीवरून टकटक करत वर चढलं आणि ट्रकच्या अंधारात शिरलं.

"ए वेड्या! ते तुझं घर नाही!" म्हणत रेनाता मागोमाग चढली. माझ्या तोंडून हाक निघेपर्यंत ती दरवाजाच्या रेषेवर होती, एक पाय आत, एक बाहेर, वाकून आत हाका मारत.

आणि मला आवाज ऐकू आला. बारीक, ओला. कोणी जाडसर कापड पिळावं तसा. मी वर पाहिलं. वादी लांबत होती.

माझा उजवा हात मांडीखाली होता.

विचार केला नाही असं म्हणतात अशा वेळी. मी केला. पुरता केला. मला वाटलं, हाच तो हात, हाच तो दिवस, हा बाहेर काढला की झालं. हत्यार मी बरोबर ओळखलं होतं. कशासाठी, ते नाही.

मातेचं भोपळं पडलं. मी फळीवर होते. मागून तिचा डावा दंड धरला, आणि त्या एका क्षणात मला ते दिसलं. माझा हात पोचायच्या आधीच तिथे कोणीतरी धरलेलं होतं. चार बोटं आणि एक अंगठा, लाल, घट्ट, आवळून पांढरी पडायला आलेली. माझी बोटं त्यांच्यावर बसली आणि ती खालून सुटली. सावकाश. कोणी झोपलेलं मूल दुसऱ्याच्या हवाली करताना हात काढून घेतं तशी.

मी ओढलं. होतं नव्हतं तेवढं बळ लावून. दोघी चिखलात पाठीवर पडलो आणि दरवाजा खाली आला. जमीन हादरलेली मला पाठीला कळली.

वाल्देमार धावत आला. त्यानं दरवाजा पाहिला, लोंबणारी वादी पाहिली, आणि गुडघ्यांवर बसला. आतून कोकरू मे मे करत होतं, ठणठणीत.

मी रेनाताची बाही वर केली. जिथे एवढ्या जोरानं धरलं होतं तिथे काही नव्हतं. साधी लालीसुद्धा नाही. गोरी, थंड, थोडी चिखलानं माखलेली कातडी. मी तिथे ओठ टेकवले, पुन्हा पुन्हा, आणि रडायला लागले, मोठ्यानं, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. काल दुपारपासून पहिल्यांदाच मी तिला दोन्ही हातांनी धरत होते.

"राणी, लागलं का गं? आईनं जोरात ओढलं का?"

तिनं माझी समजूत काढावी म्हणून दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, आणि मग मध्येच थांबली. माझे केस एका बाजूला सारले. मान वाकडी करून बघू लागली, मी रुळाखाली उभी राहून बघते तशी, नीट, घाई न करता.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या मानेवर पिवळं पिवळं झालंय. छोटी छोटी बोटं आहेत. मी कधी केलं गं हे?"